धागा : खान्देशातून बेसबॉलचा अख्खा हंगाम – सिअ‍ॅटल मॅरिनर्स, मार्च ते ऑक्टोबर

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. हंगाम तोंडावर आलाय. एकाच टीमच्या मागे सहा-सात महिने नेटाने राहायचं तर काय काय लागतं ते इथे एका जागी जमवू. मी सिअ‍ॅटल मॅरिनर्स धरून लिहितो. ज्यांची टीम वेगळी आहे त्यांनीही भर घाला, हिशेब सगळ्यांचा सारखाच.

आधी वेळेचं बघू, कारण आपल्याकडचे बहुतेक जण बेसबॉल सोडतात ते वेळेपायी. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे असतात आणि हंगाम जवळजवळ पूर्ण याच काळात बसतो. तेव्हा आपण न्यूयॉर्क-बोस्टनच्या साडेनऊ तास पुढे, शिकागो-ह्यूस्टनच्या साडेदहा, डेन्व्हरच्या साडेअकरा आणि सिअ‍ॅटल-लॉस एंजलिसच्या साडेबारा तास पुढे.

सिअ‍ॅटलला संध्याकाळी ६:४० चा सामना म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७:१०. टीम ह्यूस्टन किंवा आर्लिंग्टनला गेली की पहाटे साडेपाचच्या पुढेमागे. न्यूयॉर्क, बोस्टन, टोरांटोला गेली की पहाटे चार ते पावणेपाच. रविवारचं गणित वेगळं: पूर्व किनाऱ्यावर दुपारी १:३५ चा सामना आपल्याला रविवारी रात्री ११:०५ ला मिळतो, पण सिअ‍ॅटलला घरी रविवारी दुपारी १:१० चा असेल तर इथे रात्रीचे १:४० आणि तारीख सोमवारची. वर्षातले सगळ्यात जड सामने हेच.

नव्याने टीम निवडणाऱ्याने म्हणूनच पश्चिम किनारा बघावा. अमेरिकन लीगच्या पश्चिम विभागात मॅरिनर्ससोबत ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज, टेक्सास रेंजर्स, एंजल्स आणि अ‍ॅथलेटिक्स आहेत. एंजल्स अनाहाइमला आणि अ‍ॅथलेटिक्स २०२५ पासून सॅक्रामेंटोला, म्हणजे हे दोघे सिअ‍ॅटलच्याच वेळेवर. साधारण निम्मा हंगाम सकाळी सात-साडेसातला सुरू होतो. २०२३ मध्ये पिच क्लॉक (दोन चेंडूंमधल्या वेळेला मर्यादा घालणारं घड्याळ) आलं आणि नऊ इनिंगचा सामना सरासरी ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आला. ७:१० चा सामना बहुधा दहाच्या आत आटोपतो. दुकान, कोर्ट, बाजार समिती, सगळं त्यानंतर जमतं.

भुसावळ_यार्ड

तापीकाठ भाऊ, कॅलेंडरबद्दल थोडं जोडतो.

एमएलबीचं अ‍ॅप (एमएलबी म्हणजे मेजर लीग बेसबॉल) फोनच्या वेळेप्रमाणे सामना दाखवतं, पण तारीख बऱ्याच ठिकाणी अमेरिकेचीच असते. मंगळवारचा सामना शोधायला बुधवारी सकाळी ‘आज’वर बोट ठेवलं तर रिकामं पान येतं. एक दिवस मागे जायचं, एवढं लक्षात ठेवा. तिथे सुटीचे दिवस बहुधा सोमवार आणि गुरुवार, म्हणजे आपल्या मंगळवार आणि शुक्रवारच्या सकाळी मोकळ्या. शिफ्ट लावून घेताना याचा उपयोग होतो. गुरुवारी सुटी किंवा प्रवास असेल तर बुधवारचा सामना बरेचदा दुपारी ठेवतात. सिअ‍ॅटलला असेल तर तो आपल्याकडे बुधवारी मध्यरात्र उलटून एक-दीडला पडतो. असे सामने आधीच हेरून ठेवायचे आणि सकाळी उठून निकाल न बघता रिप्ले लावायचा.

आणि एक कळकळीचं सांगणं. एकेक सामना धरून बसू नका, मालिका धरा. तीन-तीन, चार-चार सामन्यांच्या मालिका असतात. प्रत्येक तीनपैकी दोन जिंकत गेलं तर वर्षाच्या १६२ सामन्यांत १०८ विजय होतात, आणि तेवढे क्वचितच कोणाचे होतात. ९० विजयांनी २०२५ मध्ये मॅरिनर्सनी विभाग जिंकला, २००१ नंतर पहिल्यांदा. ९० विजय म्हणजे ७२ पराभव. बहात्तर वेळा हरणारी टीम विभागात पहिली येते, तेव्हा क्रिकेटच्या सवयीने एका पराभवावर डोकं तापवून घेणं या खेळात चालत नाही.

शहादेकर

प्रश्न. धडगाव-अक्कलकुव्याकडे व्हिडिओ चालत नाही, रेंज येते-जाते. तिथे काय करावं? आणि उन्हाळ्यात पहाटेची लाइट गेली की राउटर बंद.

तापीकाठ (जळगाव)

ताई, त्यासाठी गेमडे. अ‍ॅपमध्ये फुकट आहे. प्रत्येक पिचचा (टाकलेल्या चेंडूचा) ठिपका, वेग, प्रकार, बॉल-स्ट्राइकची संख्या आणि बेसवर कोण आहे, एवढंच येतं. चित्र हलत नसल्यामुळे डेटा अगदी किरकोळ लागतो. रेंज गेली आणि परत आली तर मधले पिच आपोआप भरले जातात, काही हुकत नाही.

व्हिडिओसाठी एमएलबी टीव्हीची वर्गणी लागते. दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर गुणवत्ता स्वतः खाली उतरवा, ‘ऑटो’वर सोडली तर सातव्या इनिंगपर्यंत पॅक संपलेला असतो. लाइटचं म्हणाल तर रात्री पॉवर बँक भरून ठेवणे आणि राउटरऐवजी मोबाइल डेटा, हाच उपाय. दुसऱ्या दिवशी आठ-दहा मिनिटांचा गाळीव सामना येतो, तो घरी वायफायवर बघावा. ‘हायलाइट्स’ आणि ‘गाळीव’ यात गल्लत करू नका: पहिल्यात फक्त होमरन आणि झेल, दुसऱ्यात सामन्यातले महत्त्वाचे क्षण क्रमाने असतात. सामना कसा घडला ते कळायला दुसराच हवा.

आबा_अमळनेर

व्हिडिओ असो वा गेमडे, वही लिहा. बेसबॉल हाताने लिहिण्यासारखा दुसरा खेळ नाही. गेमडेसोबत तर वही फार जमते, कारण दोन पिचमध्ये पंधरा-अठरा सेकंद मिळतातच.

दोनशे पानी लांब वही आडवी धरा. डावीकडे नावासाठी चार बोटं जागा, पुढे इनिंगचे अकरा उभे रकाने (नऊ पुरत नाहीत), शेवटी चार अरुंद रकाने: एबी (बॅटिंगच्या अधिकृत वाऱ्या), रन, हिट, आरबीआय (त्याच्या फटक्यावर आलेले रन). नऊ बॅटर, आणि प्रत्येकाच्या खाली एक ओळ रिकामी, बदली खेळाडूसाठी. डावं पान पाहुण्यांचं, उजवं यजमानांचं. पेन्सिलच वापरा, कारण हिट की एरर (फील्डरची चूक) हा निर्णय अधिकृत स्कोअरर नंतरही बदलतो.

फील्डरचे आकडे पाठ हवेत: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, लेफ्ट ७, सेंटर ८, राइट ९. सगळ्यांचा घोटाळा ५ आणि ६ मध्ये होतो. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असतो, म्हणून हात त्याला ५ लिहायला जातो. तो ६.

आता एक इनिंग लिहून दाखवतो. प्रत्येक चौकोनात छोटा हिरा काढा: खालचं टोक होम, उजवं पहिला बेस, वरचं दुसरा, डावं तिसरा. पहिल्या बॅटरने लेफ्टला सिंगल मारला: खालून उजव्या टोकापर्यंत रेघ, कोपऱ्यात ‘१बी-७’. दुसरा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद): त्याच्या चौकोनात ‘के’, आणि गोलात १, म्हणजे पहिला आउट. बॅट न फिरवता बघत राहिला असेल तर हेच अक्षर उलटं. तिसऱ्याने शॉर्टस्टॉपकडे जमिनीवरून मारला, चेंडू दुसऱ्या बेसवर आणि तिथून पहिल्यावर गेला, डबल प्ले: त्याच्या चौकोनात ६-४-३ आणि गोलात ३. आता परत पहिल्या बॅटरच्या हिऱ्याकडे या. उजव्या टोकाकडून वर जाणारी अर्धीच रेघ काढा, ती आडवी छेदा, शेजारी ६-४ आणि गोलात २. तीन गोल, १-२-३, इनिंग बंद. तिरकी रेघ ओढून खाली लिहा: रन ०, हिट १, एरर ०, बेसवर राहिलेले ०.

सामना संपला की मेळ घालायचा. एका टीमच्या प्लेटवर आलेल्या एकूण वाऱ्या = रन + बेसवर राहिलेले + आउट. चार रन, सात जण बेसवर राहिले, २७ आउट: ३८ वाऱ्या भरल्या पाहिजेत. ३७ आल्या तर कुठेतरी एक बॅटर निसटलाय, बहुधा वॉक (चार बॉल होऊन फुकट पहिला बेस) मिळालेला, कारण चेंडू मैदानात न गेल्याने लिहायचा राहतो. यजमान आघाडीवर असले तर ते नववी इनिंग खेळत नाहीत, त्यांचे आउट २४ धरा.

आणखी दोन ठिकाणी वही चुकते. पिचर बदलला की चौकोनांच्या मध्ये लाल रेघ ओढा. आधीच्या पिचरने बेसवर सोडलेला माणूस नंतर धावून आला तर तो रन आधीच्याच्या नावावर लागतो, आणि लाल रेघ नसेल तर दोघांचेही आकडे बिघडतात. दुसरं, तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो; तिथे ‘के’ लिहायचं पण आउटचा गोल नाही. एका इनिंगमध्ये चार स्ट्राइकआउट होतात ते असे.

चाळीसगावकर

आबा, तुमच्या पद्धतीने लिहितो, मेळ बसतो. पण दहाव्या इनिंगपुढे गेलेल्या सामन्यात एकाचा, कधी दोनाचा फरक राहतोच. का?

आबा_अमळनेर

दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर फुकट धावपटू ठेवतात, २०२० पासून. तो प्लेटवर न येताच बेसवर असतो, म्हणून वाऱ्यांत मोजला जात नाही, पण रन, आउट किंवा राहिलेल्यांत मोजला जातो. टीमने जितक्या जादा इनिंग खेळल्या तितके वाऱ्यांत मिळवा, मेळ बसेल. त्याने केलेला रन पिचरच्या अर्न्ड रनमध्ये (पिचरच्या हिशेबात लागणारे रन) धरायचा नाही. हा नियम फक्त साखळी सामन्यांना; ऑक्टोबरच्या बाद फेरीत नाही. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा (अंतिम मालिकेचा) तिसरा सामना १८ इनिंग चालला तो त्यामुळेच.

जिभाऊ_धुळे

उत्तम चाललंय भो. पिचिंगचं मी घेतो, कारण टीम पुढच्या आठवड्यात कशी खेळेल हे जवळजवळ तिथेच लिहिलेलं असतं.

सुरुवातीचे पिचर पाच, आळीपाळीने. प्रत्येकाची वारी पाच-सहा दिवसांनी. २०२५ ला मॅरिनर्सकडे लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी, ब्रायन वू, लुईस कास्तियो, ब्राइस मिलर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या दहा दिवसांच्या चौकोनांत ही नावं पेन्सिलीने लिहा. सुटीचा दिवस आला की क्रम एकाने सरकतो, पावसाने सामना रद्द झाला तरी सरकतो (सिअ‍ॅटलच्या घरच्या मैदानावर सरकतं छप्पर आहे, तिथला पाऊस विसरा). डबलहेडर (एका दिवशी दोन सामने) लागला की सहावा पिचर शोधावा लागतो, आणि त्यासाठी त्या दिवशी २७ वा खेळाडू घेता येतो.

बुलपेनची (सुरुवातीच्या पिचरनंतर आणायच्या पिचरांची) वेगळी वही: तारीख, नाव, टाकलेले पिच. सलग दोन दिवस टाकलेला तिसऱ्या दिवशी बहुधा येत नाही. पंचविसाच्या पुढे पिच टाकलेला दुसऱ्या दिवशी बहुधा येत नाही. सुरुवातीचा पिचर चौथ्या इनिंगला बाहेर गेला की त्या सामन्याचं नुकसान एक आणि पुढच्या दोन दिवसांचं वेगळं, कारण पाच इनिंग बुलपेनने ओढलेल्या असतात. मालिकेचा पहिला सामना हरला तरी पिचरने सात इनिंग टाकल्या असतील तर मालिका हातात आहे, असं मी धरतो.

एक्सेलवर हिशेब ठेवणाऱ्यांनी हे नक्की वाचा. इनिंगमधलं ६.१ म्हणजे सहा आणि एक तृतीयांश, दशांश नव्हे. ६.१ आणि ५.२ ची बेरीज एक्सेल ११.३ दाखवेल, खरी बेरीज १२. सगळं आउटमध्ये बदला: १९ + १७ = ३६ आउट, भागिले ३, म्हणजे १२ इनिंग. ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले अर्न्ड रन) = अर्न्ड रन × २७ ÷ आउट. चार अर्न्ड रन, ३६ आउट: ३.००. हा सूत्राचा रकाना एकदा बसवला की वर्षभर बघावं लागत नाही.

पिचरची वही ऑक्टोबरात किती कामाला येते त्याचं उदाहरण: २०२५ च्या बाद फेरीतली डेट्रॉइटविरुद्धची पाचवी लढत. पंधरा इनिंग, ४ तास ५८ मिनिटं, आपल्याकडे शनिवारी सकाळी ५:३८ ला सुरू होऊन साडेदहाच्या पुढे संपली. होर्हे पोलांकोच्या सिंगलने ३-२. त्यात कर्बीने सुरुवात केली आणि गिल्बर्ट, कास्तियो हे सुरुवातीचे पिचरही बुलपेनमधून आणावे लागले. ज्याच्याकडे वही होती त्याला त्याच क्षणी दिसत होतं की टोरांटोत रविवारी पहिल्या सामन्याला पूर्ण विश्रांती घेतलेला नेहमीचा पिचर सापडणं अवघड आहे. मिलर कमी विश्रांतीवर उतरला, सहा इनिंग टाकल्या आणि ३-१ ने जिंकवून दिलं.

नाना_पारोळा

जिभाऊ, मग त्याच टोरांटोविरुद्धच्या मालिकेचा सातवा सामनाही घ्या. ३-१ ने पुढे, सातवी इनिंग, एक आउट, दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणसं, समोर टोरांटोचा जॉर्ज स्प्रिंगर. मॅनेजर डॅन विल्सनने एडुआर्ड बझार्डोला आणलं. तीन रनचा होमरन, ४-३, हंगाम संपला. आंद्रेस मुन्योझ बुलपेनमध्येच बसलेला. सर्वात चांगला रिलीव्हर (बुलपेनमधला पिचर) सर्वात अवघड क्षणी आणायचा नाही तर ठेवायचा कशाला? क्लोझर (सामना संपवणारा रिलीव्हर) नवव्या इनिंगलाच हवा ही ‘सेव्ह’ने लावलेली सवय आहे. तीन किंवा कमी रनची आघाडी आणि शेवटची पूर्ण इनिंग टाकली की सेव्ह मिळतो. त्या आकड्यासाठी डावपेच आखणं मला पटत नाही.

जिभाऊ_धुळे

नाना, तत्त्व मान्य. पण सातव्यात मुन्योझ आला असता तर आठ आउट त्याने एकट्याने काढायचे की आठवी-नववी बझार्डोला द्यायची, हेही ठरवावं लागतं. स्प्रिंगरनंतरची फळीही सोपी नव्हती. तरीही त्या एका बॅटरसाठी मुन्योझच हवा होता असं माझंही मत आहे. सामना तिथेच ठरणार हे बेसवरच्या माणसांवरून दिसत होतं.

केळीबाग_रावेर

खेळाडूंच्या ये-जा बद्दल थोडक्यात, कारण रोज सकाळी यादी बदललेली दिसते आणि नवीन माणूस गांगरतो.

खेळणारी यादी २६ जणांची, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. एक सप्टेंबरपासून २८ आणि १४. त्याच्या मागे ४० जणांची मोठी यादी. जखमींची यादी: बॅटरसाठी किमान १० दिवस, पिचरसाठी १५, आणि लांबच्या दुखापतीला ६०. ही तारीख जास्तीत जास्त तीन दिवस मागे नेता येते, म्हणून ‘१० दिवस’ लिहिलेला खेळाडू कधी कधी आठवड्यातच परत दिसतो. ६० दिवसांच्या यादीतला माणूस चाळीसात मोजत नाहीत. नवा खेळाडू घ्यायला जागा हवी असली की कोणाला तरी तिथे हलवतात. बातमीत दोन्ही नावं एकत्र येतात ती त्यामुळे.

‘ऑप्शन’ म्हणजे कोणालाही न विचारता मायनर लीगमध्ये (खालच्या पातळीवर) पाठवण्याची सोय. एका हंगामात एका खेळाडूला पाचपेक्षा जास्त वेळा पाठवता येत नाही. पाठवला की बॅटर १० दिवस आणि पिचर १५ दिवस परत येत नाही, कोणी जखमी झाला तरच अपवाद. बुलपेन दमलेलं असताना कोण वर येऊ शकतो हे या दिवसांवरून काढता येतं. ज्याचे ऑप्शन संपलेत तो खाली जाताना दुसऱ्या टीमच्या हाती लागू शकतो, म्हणून मार अपुरा पडत असूनही काही जण यादीत टिकून असतात.

अदलाबदलीची मुदत जुलैअखेरच्या सुमारास. २०२५ ला मॅरिनर्सनी जॉश नेलर आणि युजेनियो सुआरेझ दोघांना अ‍ॅरिझोनाकडून आणलं. बाद फेरीत खेळायचं तर खेळाडू ३१ ऑगस्टपर्यंत संस्थेत हवा.

चाळीसगावकर

गुणतक्ता कसा वाचायचा? जीबी आणि मॅजिक नंबर दोन्ही सांगा.

भुसावळ_यार्ड

जीबी (गेम्स बिहाइंड, किती सामने मागे): दोघांच्या विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक मिळवा, दोनाने भागा. एक ७२-५६, दुसरा ६८-५८: चार अधिक दोन, भागिले दोन, तीन सामने मागे. सप्टेंबरात मात्र पराभवाचा रकाना आधी बघा. विजय पुढे मिळवता येतात, पराभव पुसता येत नाही.

मॅजिक नंबर (पुढचं स्थान पक्कं व्हायला लागणारा आकडा): १६३ वजा आपले विजय वजा दुसऱ्याचे पराभव. आपले ८५ विजय, त्यांचे ६८ पराभव: १०. आपला एक विजय किंवा त्यांचा एक पराभव, आकडा एकाने उतरतो. २०२२ पासून बरोबरी झाली तर जादा सामना नसतो, आपसातल्या सामन्यांत कोण पुढे ते बघतात. विभागातल्या प्रत्येकाशी १३ सामने, म्हणजे सातवा जिंकला की ती बाजू पक्की. ती आपल्याकडे असेल तर १६३ ऐवजी १६२ धरा. ह्यूस्टनविरुद्ध एप्रिल-मे मध्ये जिंकलेला सामना सप्टेंबरात असा उपयोगी पडतो, म्हणून आपसातला हिशेब पहिल्या मालिकेपासून लिहा.

तापीकाठ (जळगाव)

त्याच्या जोडीला धावफरकही, म्हणजे केलेले वजा दिलेले रन. रनवरून अपेक्षित विजय काढायचं सूत्र: केलेल्या रनचा वर्ग, भागिले केलेल्या आणि दिलेल्या रनच्या वर्गांची बेरीज. ७२० केले, ६६० दिले: ०.५४३, गुणिले १६२, साधारण ८८ विजय. दहा रनला एक विजय, हा ढोबळ हिशेब. टीमचे विजय यापेक्षा खूप जास्त असतील तर ते टिकणं कठीण.

नाना_पारोळा

२०२१ च्या मॅरिनर्सना हे सांगा. धावफरक उणे ५१, तरी ९० विजय. एका रनच्या सामन्यांत ३३-१९. सूत्राप्रमाणे त्यांचे ७५-७६ च व्हायला हवे होते. शेवटच्या दिवसापर्यंत लढतीत होते ते.

तापीकाठ (जळगाव)

ते ९० खरेच, नाना, आणि कोणी काढून घेत नाही. सूत्र घडलेल्या हंगामाबद्दल बोलत नाही, पुढे काय अपेक्षा ठेवायची त्याबद्दल बोलतं. २०२२ लाही ९० च झाले, पण धावफरक अधिक ६७ होता, आणि त्या वर्षी २१ वर्षांनी बाद फेरी गाठली. दोन्ही हंगामांचे विजय सारखे, टीम मात्र बरीच वेगळी. चाळीस सामने होईपर्यंत मी धावफरकाकडे बघत नाही. दोन १२-१ असे निकाल सगळं चित्र वाकडं करतात.

मैदानही लक्षात घ्या. सिअ‍ॅटलची हवा थंड, चेंडू कमी जातो, तिथे धावा कमीच होतात. डेन्व्हरचं मैदान जवळजवळ मैलभर उंचीवर, तिथे चेंडू लांब जातो आणि वळणारा पिच कमी वळतो. मॅरिनर्सच्या बॅटरचे आकडे बघताना घरचे आणि बाहेरचे वेगळे लिहा. कॅल रॅलीने २०२५ ला कॅचर असून ६० होमरन मारले ते असल्या मैदानावर निम्मे सामने खेळून, यातच त्याची ताकद कळते.

शहादेकर

ऑक्टोबरची रचना कोणी एका दमात सांगेल का?

केळीबाग_रावेर

प्रत्येक लीगमधून सहा टीम: तीन विभाग विजेते, तीन वाइल्ड कार्ड (विजेते सोडून उरलेल्यांतल्या सर्वोत्तम). पहिल्या दोन विजेत्यांना पहिली फेरी माफ. बाकीच्यांत तीनपैकी दोन, आणि सगळे सामने वरच्या क्रमांकाच्या घरी. मग पाचपैकी तीन, मग सातपैकी चार, मग वर्ल्ड सिरीज सातपैकी चार. तीसपैकी आजवर वर्ल्ड सिरीज न खेळलेली एकच टीम आहे, आपलीच. पहिल्या दोघांना फेरी माफ, म्हणून दुसरा आणि तिसरा क्रमांक यातला फरक मोठा समजा: तिसऱ्याला तीन सामन्यांची फेरी खेळावी लागते, आणि चांगले पिचर तिथेच खर्च होतात.

चाळीसगावकर

शेवटचा प्रश्न आबांना. २०२६ पासून बॉल की स्ट्राइक या पंचाच्या निर्णयावर आव्हान देता येणार आहे. वहीत ते कसं लिहायचं?

आबा_अमळनेर

नियम असा: प्रत्येक टीमला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं, चुकलं तर जातं. देऊ शकतात फक्त बॅटर, पिचर आणि कॅचर, लगेच, टोपीवर किंवा हेल्मेटवर हात ठेवून. डगआउटकडून इशारा चालत नाही. यंत्राचा झोन (चेंडू स्ट्राइक ठरतो ती चौकट) बॅटरच्या उंचीवर: वरची रेषा ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर, रुंदी प्लेटइतकी म्हणजे १७ इंच.

वहीत चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ‘आ’ लिहा, सोबत देणाऱ्याचं अक्षर: बॅ, पि किंवा कॅ. निर्णय फिरला तर बरोबरची खूण, नाही तर फुली. पानाच्या माथ्यावर प्रत्येक टीमचे दोन छोटे गोल काढा आणि फुली पडली की एक खोडा, म्हणजे आठव्या-नवव्या इनिंगला कोणाकडे काय उरलंय ते शोधावं लागत नाही. महिनाभराच्या वह्या एकत्र केल्या की कोणाचं आव्हान किती वेळा बरोबर येतं तेही निघेल. माझा अंदाज कॅचरच्या बाजूने आहे, कारण चेंडू त्याच्याच हातात येतो. एप्रिलअखेर आकडे इथेच टाकतो, बाकीच्यांनीही आपापल्या टीमचे टाका.